आयतवारची गाठ

माझ्या आईचा डावा हात बघून लोक आधी हळहळतात आणि मग विचारतात, "लहानपणी पोलिओ झालता का?" पोलिओ कुठला डोंबलाचा! हा हात खुटबावच्या हौसराव हाडवैद्यानं घालवला, आणि घालवून वर खापर तिच्याच डोक्यावर फोडलं. सव्वीस वर्षं ती त्याच्या मागं लागली होती. शेवटी काय झालं, त्याच्या दहा तोंडी दहा गोष्टी गावात फिरतात आणि त्यातली एकही धड नाही. म्हणून मीच सांगते. मी तिथं होते.

मी सविता. रांजणगावला कंपनीत पॅकिंगला आहे. आम्ही तळेगाव ढमढेऱ्याचे, आई सगुणाबाई माहेरची कवठे येमाईची. आम्ही धनगर. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता दीड एकर भाजी आणि चार शेळ्या. मी पाच वर्षांची असताना आई शेळ्यांसाठी सुबाभळीवर पाला काढायला चढली आणि फांदीसकट खाली आली. डावा हात कोपराखाली वाकडा झाला. शिरूरला सरकारी दवाखाना होता, एसटी होती. पण आमच्यात हाड मोडलं की दवाखाना आठवत नाही, हौसराव आठवतो. बाबांनी, म्हणजे चांगदेवांनी, तिला जीपमध्ये घातलं आणि थेट खुटबाव गाठलं.

हौसराव एक रुपया घेत नसे. एक नारळ आणि चिमूटभर भंडारा, बस. पैसा घेतला की विद्या जाते म्हणायचा. दर रविवारी त्याच्या अंगणात तीस-चाळीस माणसं बसलेली असायची, दौंड, शिरूर, पार करमाळ्याकडची. तो हात ओढायचा, अंडं आणि हळद चोपडायचा, कळकाच्या कामट्या लावून कापड आवळायचा आणि वर गाठ मारायचा. गाठीवर बिरोबाच्या नावानं भंडारा टाकायचा. आणि मग नेम सांगायचा: ही गाठ आता पुढच्या आयतवारी मीच सोडणार. मधी कुणी हात लावला तर देवाची आण मोडली, मग हाताचं काय झालं तर मला इचारायचं न्हाई.

त्या रविवारी रात्री आई किंचाळत होती. मला आठवतंय, कारण मी घाबरून शेळ्यांच्या खोपटात जाऊन बसले होते. सोमवारी बोटं सुजून निळी झाली. बाबा तिला परत खुटबावला घेऊन गेले. हौसरावानं गाठीकडं बघितलं, बोटांना तेल लावलं आणि हसून म्हणाला, "दुखतंय म्हंजी जुळतंय, सगुणे. जीव एवढा घाबरा करू नको." बाबांनी मान डोलावली. आईनं कापड सोडायला उजवा हात पुढं केला तर बाबांनीच तो धरला. आण होती ना! मंगळवारी दुखायचं थांबलं. बाबा खूष झाले, म्हणाले, बघ, जुळलं. जुळलं कसलं, हात मेला होता म्हणून दुखत नव्हतं.

रविवारी भरल्या अंगणात हौसरावानं गाठ सोडली. आत बोटं काळीनिळी, वाकलेली, सुई टोचली तरी कळत नव्हती. हौसरावानं ते कापड हातात फिरवून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही गाठ माझी न्हाई. माझी गाठ अशी नसती. हिनं रातीतनं सोडली आन् परत बांधली." झालं! तीस माणसांनी माना डोलावल्या. बाबांनीही. घरी आल्यावर बाबा फक्त एवढंच म्हणाले, "कशाला सोडलीस गं?"

हे एक वाक्य आई सव्वीस वर्षं गिळत आली. मी सोडली नाही, असं तिनं बाबांना किती वेळा सांगितलं असेल! बाबा वाईट माणूस नव्हेत. तिची वेणी घालायचे, पाणी भरायचे. पण विश्वास ठेवला नाही तो नाहीच. देवाची आण मोडलेली बाई म्हणून बिरोबाच्या जत्रेत तिला भंडारा उधळायला कुणी पुढं बोलावलं नाही. माझं लग्न ठरताना सासरच्या म्हातारीनं विचारलं होतं, "पोरगी आईवर गेली न्हाई ना?" मला त्या म्हातारीचं तोंड अजून आठवतं. आणि प्रत्येक वेळी त्याच्या मागं मला हौश्याचंच तोंड दिसायचं.

शिरूरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. आई महिनाभरानं त्यांच्याकडं गेली तेव्हा त्यांनी हात बघून डोळे मिटले. म्हणाल्या, "बाई, पट्टी आवळली की आतलं रक्त थांबतं. पहिल्या काही तासांत कुणी नुसतं कापड कापलं असतं तरी हात वाचला असता." दुसरी एखादी घरी येऊन रडली असती. आईनं विचारलं, "कसं वळखायचं ते मला शिकवा." दर पंधरा दिवसांनी ती त्यांच्या ओपीडीत जाऊन कोपऱ्यात बसायची. सातवी शिकलेली बाई, पण एक्स-रे उजेडाला धरून हाड कुठं मोडलंय ते सांगायला लागली.

आणि मग तिनं सूड उगवायला सुरुवात केली. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. दर रविवारी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन, दोन जीपा बदलून ती खुटबावला जायची आणि हौसरावाच्या अंगणासमोर लिंबाखालच्या दगडावर बसायची. येणाऱ्या प्रत्येकाला तो वाकडा हात दाखवायची. "हा बघा हौसरावचा एक्स-रे. बघून घ्या आन् मग आत जा."

लोक थांबायचे. मग तिची तपासणी चालायची. बोटं हलतात का? गार लागतात का? बोट सरळ केलं की बोंब मारतो का? बारकं पोरगं असलं, मनगट नुसतं दुमडलं असलं, तर म्हणायची, "प्लॅस्टर घाला, महिन्यात मोकळं. आपरेशन कुणी सांगितलं तर उठून या." मांडीचं हाड असलं तर कामट्यांचं नावच काढू द्यायची नाही. "मांडीला रॉड लागतो. न्हाई घातला तर दोन-दोन महिनं वजन लटकवून पडायचं, आन् पाय तोकडा राहिला तर जल्मभर लंगडायचं. कुठलं परवडतं ते बघा." गुडघेदुखीच्या बायका यायच्या तर त्यांच्यावर खेकसायची: "आधी वजन उतरवा, मांडी घालून बसणं सोडा, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम करा, काठी घ्या. एवढं करून राती झोप येत न्हाई, फोटूत हाडाला हाड घासतंय, मंग सांधा बदला. पंचेचाळिशीत घाई करू नका, नवा सांधाबी झिजतो."

आणि म्हाताऱ्याचा खुबा मोडलेला असला की जीपवाल्याला उतरूच द्यायची नाही. "फिरव गाडी! खुब्याला थांबायचं नसतं. एक-दोन दिसांत आपरेशन, न्हाईतर छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात. खुबा थांबला की माणूस संपला." हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. पुढं ते लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

बरं, दवाखानेवाल्यांनाही ती सोडत नव्हती. इंद्रजीत म्हणून एक ट्रॅक्टरवाला होता, गळ्याचं हाड मोडलं तर एका खाजगी दवाखान्यानं त्याला लगेच प्लेट सांगितली. आई त्याच्याबरोबर तिथं गेली आणि काउंटरवर एक्स-रे आपटून म्हणाली, "हाडाची टोकं एकमेकाला टेकलीत. झोळी पुरती ह्याला. प्लेट कशापायी?" झोळीतच त्याचं हाड जुळलं. आणि खरं सांगायचं तर, नुसता पाय मुरगळलेला असेल, एक्स-रे साफ असेल, तर नाक मुरडून म्हणायची, "जावा आत. चोळायला त्याचा हात चांगला हाय." खोटं बोलायचं नाही, हा तिचा हट्ट. खोट्यानंच तर तिचं वाटोळं झालं होतं.

हौसरावानं तिला कधी हाकललं नाही. उलट दर रविवारी चहा पाठवायचा. आधी बायकोच्या हातून, ती गेल्यावर सून मोनिकाच्या हातून. आई कप घ्यायची आणि लिंबाच्या बुंध्यात ओतायची. मोनिका बिचारी रिकामा कप घेऊन परत जायची. वर्षं अशी गेली. अंगणातली चाळीस माणसं दहा-बारावर आली, तरी आईचं समाधान नव्हतं. मी म्हणायचे, "झालं की आता, त्याचं दुकान बसलं." ती म्हणायची, "दुकान न्हाई बसवायचं मला. त्याच्या तोंडातनं पायजे. गाठ माझीच व्हती, एवढं त्यानं म्हणायचं. आन् तुझ्या बापानं ऐकायचं."

गेल्या माघात, एका बुधवारी, मी फर्स्ट शिफ्ट करून माहेरी आले तर मोनिकाचा फोन. "सविताताई, मामंजी काल कांद्याच्या चाळीत पडले. उठता येत न्हाई. ह्यांनी कामट्या बांधल्यात. सगुणामावशींना घेऊन या, हे दुसऱ्या कुणाचं ऐकायचे न्हाईत." हे म्हणजे तिचा नवरा ज्योतिबा. बापाची विद्या आता तोच चालवत होता, आणि साऱ्या खुटबावात तो फक्त माझ्या आईला भ्यायचा; तिचं एक वाक्य आलेलं माणूस परत फिरवायचं.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. करावं तसं भरावं, असं मी मोठ्यानं म्हणालेही. आईला स्कूटीवर मागं बसवलं आणि निघाले.

हौसराव पडवीत खाटेवर पडला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, गालाची हाडं वर आलेली. कमरेपासून गुडघ्यापर्यंत कामट्या, वर गाठ, गाठीवर भंडारा. आईनं लांबूनच बघितलं. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, पाय तोकडा. माझ्या कानात म्हणाली, "खुबा गेलाय."

तो आईकडं बघून कण्हला. "सगुणा, लई दुखतंय गं."

आई खाटेशी वाकली. सव्वीस वर्षं हे वाक्य तिनं तोंडात धरून ठेवलं होतं. "दुखतंय म्हंजी जुळतंय, आप्पा. जीव एवढा घाबरा करू नका."

मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. हौसराव मात्र हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "मला दवाखान्यात न्या. मी येतो." ज्योतिबा लगेच उसळला. हाडवैद्यच दवाखान्यात गेला तर उद्या अंगणात कुत्रं तरी येईल का? मोनिका आईकडं बघायला लागली. आईनं एक हाक मारली असती, "ज्योत्या, गाडी काढ," की त्यानं निमूट काढली असती. सगळ्यांना ते माहीत होतं. हौसरावालाही.

आई म्हणाली, "गाठ बांधलीय न्हवं? भंडारा टाकलाय. मंग आयतवारच्या आधी कोण सोडणार? तुमचाच नेम हाय."

तो हळू आवाजात म्हणाला, "बाकीच्यांना भाईर जाऊ दे. तुला एकटीला सांगतो, काय सांगायचं ते."

"एकटीला नको," आई म्हणाली. "माझी अब्रू भरल्या अंगणात गेली. आयतवारी गेली. आयतवारीच परत द्या, सगळ्यांम्होरं. मंग मी सोता गाठ सोडून तुम्हाला दवाखान्यात नेते." आणि ती उठली. मोनिकानं चहा आणला होता. आईनं तो घेतला आणि पिऊन टाकला, पहिल्यांदा.

गुरुवारी मोनिकाचा फोन आला, ताप आहे. शुक्रवारी आला, खोकला लागलाय, पाठ लाल झालीय. आई ओट्यावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. दोरीचं एक टोक दातात, एक उजव्या हातात, वाकडा हात नुसता दाबायला. मी म्हणाले, "आई, बास झालं. जाऊ या."

"मी सव्वीस वर्षं थांबले. त्याला चार दिस जड झाले?"

"तूच म्हणतेस ना, खुब्याला थांबायचं नसतं?"

तिनं दोरी दातातनं काढली. "व्हय. मला ठावं हाय." आणि पुढची जुडी घेतली.

मी एकशेआठला फोन लावू शकत होते. मोबाइल हातात होता, नंबर पाठ होता. लावला नाही. मलाही ते वाक्य ऐकायचं होतं. माझ्या बापानं ऐकलेलं मला बघायचं होतं. ह्या पापात माझा वाटा आहे आणि तो मी आईच्या पदरात टाकणार नाही.

रविवारी आम्ही बाबांना घेऊन गेलो. बाबांना काही सांगितलं नव्हतं, नुसतं चला म्हणालो. हौसराव पडल्याची बातमी पसरली होती, त्यामुळं अंगणात पूर्वीसारखी चाळीस माणसं. खाट मधोमध आणलेली. आईनं बाबांना अगदी पुढं बसवलं आणि स्वतः उभी राहिली. छातीशी तो हात.

हौसरावाला धाप लागत होती. शब्दाशब्दाला थांबत होता. "ही तळेगावची सगुणा. हिच्या हाताची गाठ... माझीच व्हती. हिनं सोडली न्हवती. सोमवारीच बोटं बघून मला उमगलं व्हतं, पट्टी आवळलीय. सोडली असती तर... हौसराव चुकला म्हणाले असते लोक. म्हणून न्हाई सोडली. आन् आयतवारी खोटं बोललो. देवाच्या नावानं खोटं बोललो."

सोमवारीच उमगलं होतं! म्हणजे चूक नव्हतीच ती. तेल लावत, हसत, त्यानं तो हात जाणूनबुजून मरू दिला होता. मला वाटलं, खाट उलथून टाकावी. आई हलली नाही. ती हौसरावाकडं बघतच नव्हती, बाबांकडं बघत होती.

बाबांनी टोपी काढली. मग सगळ्यांसमोर ते रडले. आई म्हणाली, "रडू नका. उठा. ती गाठ तुम्हीच सोडा." बाबांना ती सोडायला बराच वेळ लागला. भंडारा त्यांच्या बोटांना लागला.

दौंडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलेसे होते. एक्स-रे बघितला, छातीला नळी लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "छातीत कफ झालाय. आता भूल कशी देणार? बुधवारी आणलं असतं तर एव्हाना यांना उभं केलं असतं. कुणी थांबवलं यांना?"

ज्योतिबानं उचलली जीभ लावली टाळ्याला. "आप्पाच नको म्हणत व्हते, साहेब. लई समजावलं."

हौसरावानं डोळे उघडले. बोलायची ताकद त्याच्यात नव्हती. पुन्हा तेच चाललं होतं: जो पडलेला, त्याच्याच डोक्यावर खापर. आणि ह्या वेळी ते खोटं आमच्या फायद्याचं होतं. गप बसलं की संपलं. मी आईचा दंड धरला.

तिनं दंड सोडवून घेतला. वाकडा हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा. "ज्योत्या खोटं बोलतोय. म्हातारा बुधवारीच येतो म्हणत व्हता. मी थांबवला. मला ठावं व्हतं काय व्हणार, तरीबी थांबवला."

हौसरावाच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. कशाचं ते मला माहीत नाही आणि मला जाणूनही घ्यायचं नाही.

आपरेशन झालंच नाही. गुरुवारी तो गेला.

आई आता सुखी झाली असेल असं तुम्हाला वाटत असेल. बाबा रोज तिच्या पायाशी बसतात. यंदा जत्रेत तिला भंडारा उधळायला बोलावलं, सगळ्यात आधी. ती गेली नाही. मी चिडले. म्हटलं, एवढ्यासाठी तर सगळं केलंस! म्हणाली, "आण मोडलेल्या बाईनं कशाला उधळायचा?"

"अगं, तू मोडली नव्हतीस. त्यानं कबूल केलं ना?"

"तवा न्हवती मोडली," ती म्हणाली.

रविवारी मात्र ती खुटबावला जातेच. ज्योतिबाच्या अंगणात चार-दोन माणसं येतात अजून. मोनिका चहा आणते, आई पिते. कुणी विचारलं, मावशी, ह्या हाताला काय झालं, तर आधी एकच वाक्य असायचं. आता दोन असतात. "हा हात हौसरावनं घालवला. आन् हौसराव मी घालवला. दोघांनीबी आयतवारची वाट बघायला लावली." माणूस दचकतो. मग ती त्याचा सुजलेला हात मांडीवर घेते आणि विचारते, बोटं हलतात का, गार लागतात का.